परदेशातल्या एटीएममधून डेबिट कार्डानं पैसे काढताना फी कशी टाळता?

रानवारा
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात कामासाठी लिस्बनला जायचं आहे. परतताना आई बँकॉकला भेटेल, तिथे आम्ही दोघं थोडं फिरणार आहोत. हॉटेल आणि मोठी बिलं कार्डावर जातील, पण टॅक्सी, बाजार, छोटी दुकानं यांना रोख लागेलच. सगळी रोख घरूनच घेऊन जाणं मला पटत नाही. आईच्या पर्समध्ये नोटांचं पुडकं असलं की तिचं अर्धं लक्ष तिकडेच राहतं.

मागच्या परदेशवारीत डेबिट कार्ड वापरलं होतं. एकदाच पैसे काढले आणि स्टेटमेंटवर तीन नोंदी आल्या: मुख्य रक्कम, तिच्याखाली फी, आणि त्या फीवरचा कर. मुख्य रक्कमही त्या दिवशीच्या दराशी जुळेना, चांगलीच जास्त होती. बँकेला फोन केला तर 'नियमाप्रमाणे आहे' एवढंच उत्तर मिळालं. कुठला नियम, ते कुणी सांगितलं नाही.

तेव्हा प्रश्न असे: हे पैसे नेमके कोण कोण कापतं? त्यातलं काय टाळता येतं आणि काय नाही? आणि मध्येच मशीन स्क्रीनवर एक दर दाखवून 'मान्य आहे का' असं विचारतं, तिथे काय दाबायचं? 'नको' म्हटलं तर व्यवहार रद्द होईल अशी भीती वाटते. मागे रांग असते, कुणाला विचारायची सोय नसते.

अनुभवी लोकांनी जरा खोलात जाऊन सांगावं ही विनंती.

चांदणवेल
मी थोडी रोख निघण्याआधीच बदलून घेते आणि बाकी क्रेडिट कार्डावर भागवते. एटीएमच्या वाटेला जातच नाही. विमानतळावरच्या बदली काउंटरवर मात्र कधीच पैसे बदलू नका. 'शून्य कमिशन' अशी पाटी असते, पण खरेदीचा आणि विक्रीचा दर शेजारीशेजारी ठेवून बघितले की कमिशन कुठे लपलंय ते दिसतं.

क्रेडिट कार्डानं एटीएममधून पैसे काढायचा विचार असेल तर तोही सोडा. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, वर रोख काढण्याची वेगळी फी.

पैलतीर
रानवारा, प्रश्न चांगला विचारलात. मी बरीच वर्षं एका बँकेच्या कार्ड विभागात होते. परदेशातल्या एटीएमच्या तक्रारी माझ्याच टेबलावर यायच्या. एकेक स्टेटमेंट पुढे घेऊन लोकांना समजावून सांगितलंय, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते. सवडीनं वाचा.

पैसे चार ठिकाणी कापले जाऊ शकतात. हे चार जण एकमेकांना विचारून कापत नाहीत, म्हणून प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

पहिली तुमची स्वतःची बँक. परदेशात पैसे काढले की दर वेळी ठरावीक फी. रक्कम लहान असो की मोठी, फी तेवढीच. दुसरीही तुमचीच बँक, पण या वेळी टक्क्यांत: चलन बदलण्याचा मार्कअप, म्हणजे मूळ दरावर चढवलेला जास्तीचा टक्का. बहुतेक ठिकाणी तो १ ते ३.५ टक्क्यांच्या दरम्यान असतो. हा बऱ्याचदा वेगळी ओळ म्हणून दिसतच नाही, दरातच मिसळून टाकलेला असतो. तुमची 'मुख्य रक्कम' जुळली नाही ती बहुतेक यामुळेच. तिसरा त्या मशीनचा मालक. तो परक्या कार्डाकडून स्वतःची फी घेतो आणि ती रकमेत मिळवूनच तुमच्या बँकेकडे पाठवतो. चौथा तो स्क्रीनवरचा दर. त्याच्याकडे मी शेवटी येते, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात आणि सगळ्यात सहज टाळता येतात तेही तिथलेच.

पहिल्या दोघांचा निकाल घरी बसूनच लागतो, परदेशात गेल्यावर त्यात काहीही करता येत नाही. आपल्या बँकेचं शुल्कपत्रक उघडा आणि दोन आकडे शोधा: परदेशी एटीएमची दर वेळची फी आणि चलनबदलाचा टक्का. हे दोन्ही शून्य असलेली खाती जगात आहेत. अमेरिकेत चार्ल्स श्वाबचं चेकिंग खातं, म्हणजे रोजच्या व्यवहारांचं खातं, चलनबदलाचा टक्का लावत नाही आणि वर मशीनमालकानं घेतलेली फीही परत देतं. ब्रिटनमधली स्टार्लिंग बँक परदेशात पैसे काढायला स्वतःची फी लावत नाही. वाइज आणि रिव्होल्यूटसारख्या अ‍ॅपवरून चालणाऱ्या कंपन्यांच्या कार्डांवर महिन्याला ठरावीक मर्यादेपर्यंत फुकट निघतात, पुढे फी लागते. तुमचं खातं ज्या देशात आहे तिथे असं कोण देतं ते तुम्हालाच शोधावं लागेल. पण शोधाच. वर्षातून एकदा जरी परदेशी जात असाल तरी वेगळं, बिनफीचं खातं उघडण्याचे कष्ट वसूल होतात.

काही बँकांची आपसात युती असते. ग्लोबल एटीएम अलायन्समध्ये बँक ऑफ अमेरिका, डॉइश बँक, स्कोशियाबँक, वेस्टपॅक वगैरे आहेत. एकीच्या ग्राहकाला दुसरीच्या मशीनवर मशीनची फी पडत नाही. पण लक्षात घ्या, ही सूट मशीनच्या फीपुरती असते. चलनबदलाचा टक्का तरीही लागू शकतो. जाहिरातीत 'फी नाही' असं वाचलं की कुठली फी नाही, हे विचारायचं.

आता त्या स्क्रीनबद्दल.

कार्ड आत गेलं की मशीन तुमच्या कार्ड नंबरचे सुरुवातीचे आकडे वाचतं. पूर्वी सहा, आता आठ. त्यावरून कार्ड कुठल्या बँकेचं, कुठल्या देशाचं आणि कुठल्या चलनातलं हे त्याला लगेच कळतं. मग ते म्हणतं, तुम्हाला युरो हवेत ना, मी तुमच्या खात्यातून थेट तुमच्याच चलनात वजा करतो, हा घ्या दर. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, आमच्याकडे नुसतं डीसीसी. दर ठरवणार मशीनवाला आणि त्याचा भागीदार. त्यात मार्कअप ५, ८, कधी १० टक्क्यांच्याही वर असतो. आणि एवढं करून तुमची बँक 'व्यवहार परदेशात झाला' म्हणून आपली फी लावायला मोकळीच.

तुम्ही तो दर नाकारलात तर सहसा व्यवहार रद्द होत नाही. हे मी फोनवर किती जणांना सांगितलं असेल! नाकारल्यावर व्यवहार स्थानिक चलनात पुढे जातो. मग दर व्हिसाचा किंवा मास्टरकार्डचा लागतो, जो बाजारभावाच्या अगदी जवळ असतो, आणि त्यावर तुमच्या बँकेचा टक्का, असला तर.

तेव्हा दर वेळी, प्रत्येक देशात, प्रत्येक मशीनवर: कन्व्हर्जन नको. स्थानिक चलन.

रानवारा
पैलतीर ताई, खूप आभार. तीन नोंदींचा उलगडा आज झाला. एक शंका आहे. स्क्रीनवर नेमके कोणते शब्द असतात? मागच्या वेळी मला एकापाठोपाठ दोन प्रश्न आले होते असं आठवतं, आणि दोन्हीकडे हो-नाही होतं.

पैलतीर
बरोबर आठवतंय तुम्हाला. ते दोन प्रश्न अगदी वेगळे असतात आणि गफलत नेमकी तिथेच होते, म्हणून नीट सांगते.

एक स्क्रीन फीचा. त्यावर साधारण असं असतं, की हे मशीन वापरण्याबद्दल मालक अमुक इतकी फी घेईल, पुढे जायचं का? इथे 'नाही' म्हटलं तर व्यवहार खरोखरच संपतो, कार्ड बाहेर येतं आणि खात्यातून काहीही जात नाही. फी जास्त वाटली तर खुशाल 'नाही' म्हणा आणि दुसरं मशीन बघा.

दुसरा स्क्रीन दराचा. त्यावर दोन चलनांतल्या रकमा असतात, एक दर असतो, बऱ्याचदा 'गॅरंटीड' असा शब्द असतो. खाली दोन पर्याय: 'अ‍ॅक्सेप्ट कन्व्हर्जन' आणि 'डिक्लाइन कन्व्हर्जन'. कुठे 'विथ कन्व्हर्जन' आणि 'विदाउट कन्व्हर्जन' असतं. कुठे नुसतं 'यस' आणि 'नो', आणि प्रश्न बारीक अक्षरांत. स्वीकारायचं बटण मोठं, हिरवं, उजव्या हाताला. नाकारायचं फिकं. नाकारल्यावर काही मशीन पुन्हा विचारतात, 'नक्की? दराची हमी मिळणार नाही,' अशा थाटात. घाबरायचं नाही, पुन्हा नाकारायचं. नोटा येतात.

थोडक्यात ओळखायची खूण अशी: स्क्रीनवर तुमच्या घरचं चलन दिसलं की तो दराचा प्रश्न. तिथे नकार. घरचं चलन कुठेच नाही, फक्त फीचा आकडा आहे, तर तो फीचा प्रश्न. तिथे विचार करून ठरवा. क्वचित एखादं मशीन दर नाकारल्यावर खरंच व्यवहार बंद करतं. मग कार्ड घ्या आणि पुढच्या मशीनकडे जा, त्या मशीनसाठी ८ टक्के मोजायची काही गरज नाही.

युरोपीय संघात निदान एक बरं झालंय. त्यांच्या २०१९/५१८ या नियमामुळे १९ एप्रिल २०२० पासून मशीनला हा मार्कअप टक्क्यांत दाखवावा लागतो, तोही युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या ताज्या संदर्भ दराच्या तुलनेत. म्हणजे लिस्बनमध्ये तो आकडा बहुधा तुमच्या डोळ्यांसमोर असेल. मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो. जी गोष्ट आम्ही महिनाभरानं स्टेटमेंटवर बोट ठेवून समजावायचो ती आता पैसे जायच्या आधी दिसते. पण संघाबाहेर तो लागू नाही, तिथे आपली काळजी आपणच घ्यायची.

शिदोरी
मला हे तितकंसं पटत नाही. मी कायम आपल्याच चलनातला पर्याय घेतो. खात्यातून किती जाणार हे तिथल्या तिथे कळतं, नंतर आश्चर्य नाही. दोनपाच टक्के गेले तरी मनाला शांतता. सगळ्यांना दरांचा हिशेब करत बसायचा नसतो.

पैलतीर
शिदोरी, नंतरच्या आश्चर्याचा त्रास मी समजू शकते, त्याच्याच तक्रारी मी बघायचे. पण आकडा आधी कळावा म्हणून एवढे पैसे द्यायची गरज नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही वेबसाइटवर दराचा कॅल्क्युलेटर आहे. तारीख, दोन चलनं आणि रक्कम टाकायची. त्यात बँकेच्या फीचा एक रकाना असतो, तिथे तुमच्या बँकेचा टक्का भरला की खात्यातून जाणारी रक्कम जवळजवळ तंतोतंत मिळते. हॉटेलात सकाळी एकदा बघितलं की दिवसभर पुरतं.

आणि दोनपाच टक्के गेले तरी चालतील म्हणता, तेव्हा हा हिशेब बघा. २०० युरो काढले, मशीनची फी ५ युरो, स्क्रीनवरच्या दरातला मार्कअप ८ टक्के. माणूस ५ युरो वाचवायला तीन चौक चालत जातो, कारण ती फी म्हणून लिहिलेली असते. आणि त्या लांबच्या, बिनफीच्या मशीनवर हिरवं बटण दाबून १६ युरो देऊन येतो, कारण ते फी म्हणून कुठेच लिहिलेले नसतात. मला याची खरंच चीड येते. मशीन बनवणाऱ्याला माहीत असतं की माणूस घाईत आहे, भाषा परकी आहे, मागे लोक उभे आहेत. बटणाचा रंग ठरवतानाही हे सगळं धरलेलं असतं.

दुकानातल्या कार्ड मशीनवरही हाच प्रश्न येतो बरं का. तिथे कधीकधी दुकानदारच आपल्या वतीनं बटण दाबून टाकतो. सही करायच्या किंवा पिन टाकायच्या आधी पावतीवर चलन कोणतं आहे ते बघा. घरचं चलन दिसलं तर 'लोकल करन्सी' म्हणून सांगा आणि व्यवहार पुन्हा करायला लावा.

सांजवात
थायलंडबद्दल सांगते, तिकडे माझं जाणंयेणं असतं. तिथे परक्या कार्डाला बिनफीचं मशीन जवळपास मिळतच नाही. वर्षानुवर्षं दर वेळी २२० बाहत, काही बँकांच्या मशीनवर आता त्याहूनही जास्त. बँक मोठी असो की छोटी, त्यातून सुटका नाही, त्यामुळे चालत जाऊन शोधण्यात अर्थ नाही. फी रकमेवर अवलंबून नसते, तेव्हा थोड्या वेळा आणि जास्त काढायचे. २,००० बाहतवर २२० म्हणजे ११ टक्के झाले. तेच २०,००० वर १.१ टक्के.

तुमच्या कार्डाची रोजची मर्यादा मात्र आधी वाढवून घ्या. नाहीतर मशीन द्यायला तयार आणि आपलीच बँक नाही म्हणते. मर्यादा तुमच्या चलनात मोजली जाते आणि तीत ती २२० ची फीही धरली जाते, म्हणून अगदी काठावरची रक्कम मागू नका.

पोर्तुगालमध्ये उलट आहे. 'मल्टिबांको' लिहिलेली मशीन शोधा. १९८५ पासूनचं त्यांचं देशभराचं जाळं आहे आणि बँकांच्या बाहेर सगळीकडे दिसतं. तिथे मशीनची फी नसते, पण एका वेळी २०० युरोपर्यंतच निघतात. म्हणजे तिथे तुमच्या बँकेची दर वेळची फी जास्त महत्त्वाची ठरते. पर्यटकांच्या गल्ल्यांत आणि विमानतळावर जी बँकेची नसलेली, भडक रंगांची मशीन असतात, ती टाळा. शेजारच्या स्पेनला गेलात तर तिथे बऱ्याच बँका परक्या कार्डाला फी लावतात, स्क्रीनवरचा आकडा बघून ठरवा.

चांदणवेल
पैलतीर, तुमचे प्रतिसाद वाचून पुढच्या वेळी एटीएम वापरून बघावंसं वाटतंय. एक भीती राहते. परक्या देशात मशीननं पैसे दिलेच नाहीत आणि खात्यातून गेले, तर? किंवा कार्डच आत अडकलं तर?

पैलतीर
चांदणवेल, या भीतीपायी कुणी कार्ड वापरायचं सोडू नये असं मला मनापासून वाटतं. हे प्रकार होतात, पण सुटण्यासारखे असतात. तुमच्याकडे चार गोष्टी लिहिलेल्या असल्या म्हणजे झालं.

मशीन आतून कसं चालतं ते सांगते. नोटा वेगवेगळ्या डब्यांत असतात, त्यांना कॅसेट म्हणतात. तुम्ही रक्कम मागितली की मशीन आधी तुमच्या बँकेची परवानगी घेतं, मग नोटा मोजून बाहेर ढकलतं. परवानगी मिळाली आणि नोट अडकली, तर खातं वजा झालेलं असतं आणि हातात काही नसतं. पण मशीन स्वतःच प्रत्येक पावलाची नोंद ठेवतं: किती वाजता कार्ड आलं, किती नोटा उचलल्या, किती बाहेर गेल्या, किती आत परत ओढल्या. नोटा बाहेर येऊन काही सेकंदांत उचलल्या नाहीत तर बरीच मशीन त्या परत ओढून घेतात, त्याचीही नोंद होते. आणि पैसे भरायला माणूस येतो तेव्हा कॅसेटमधली शिल्लक मोजली जाते. नोटा बाहेर गेल्याच नसतील तर तेवढीच रक्कम तिथे जास्त भरते. अशा दाव्याचा निकाल या दोन गोष्टींवर लागतो, तुमच्या शब्दावर नाही, आणि म्हणूनच तो तुमच्या बाजूनं लागू शकतो.

माझ्याकडे एका गृहस्थांचा अर्ज आला होता. दहा नोटा मागितल्या, सहाच आल्या. त्यांनी तिथे उभ्याउभ्या पावतीचा आणि मशीनवर चिकटवलेल्या नंबरच्या पट्टीचा फोटो काढला होता. तिकडच्या बँकेनं पहिल्यांदा 'पूर्ण रक्कम दिली' असं कळवलं. आम्ही त्या मशीनची नोंद आणि कॅसेटचा हिशेब मागवला. चार नोटा जास्त भरल्या होत्या. पैसे परत मिळाले. पट्टीवरचा तो नंबर नसता तर कुठल्या मशीनचा हिशेब मागवायचा हेच ठरवता आलं नसतं, कारण त्या एका दारात तीन मशीन होती.

म्हणून: पावती मागाच, आणि घरी पोचून स्टेटमेंट तपासेपर्यंत जपून ठेवा. मशीनचा नंबर, जागा, वेळ, मागितलेली रक्कम आणि मिळालेली रक्कम लगेच टिपून ठेवा. तक्रार तुमच्याच बँकेकडे करायची. तिकडच्या बँकेच्या काउंटरवर भांडण्यात वेळ घालवू नका, तुमचं खातं त्यांच्याकडे नाही, दावा तुमच्या बँकेकडून नेटवर्कमार्फतच, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डमार्फतच जातो. पुष्कळदा अशी रक्कम काही दिवसांत आपोआपच परत जमा होते, पण लेखी तक्रार तरीही करून ठेवा. दाव्याला मुदत असते आणि ती वाट बघण्यात निघून जाऊ शकते.

कार्ड अडकण्यावर उपाय म्हणजे बँकेच्या भिंतीतलं मशीन, आणि तेही बँक उघडी असताना. आत जाऊन माणसाला सांगता येतं. रात्री, रस्त्याच्या कडेला, एकट्या मशीनवर कार्ड गेलं तर थांबून राहू नका, आणि मदत करायला पुढे आलेल्या कुणाला पिन सांगू नका. फोनवरच्या अ‍ॅपमधून कार्ड लगेच बंद करा. दुसरं कार्ड, शक्य तर दुसऱ्या नेटवर्कचं, वेगळ्या बॅगेत असावं. एक व्हिसाचं, एक मास्टरकार्डचं. रानवारा, तुमच्या बाबतीत एक तुमच्याकडे, एक आईंकडे.

आणि ज्या खात्यात सगळी बचत आहे त्याचं कार्ड परदेशी मशीनमध्ये घालूच नये. डेबिट कार्डाची नक्कल झाली तर जातात ते आपले खरे पैसे, आणि परत मिळेपर्यंत खातं रिकामं राहतं. प्रवासासाठी वेगळं खातं, त्यात लागतील तेवढेच पैसे, आणि कमी पडले तर अ‍ॅपवरून वळते करायचे.

रानवारा
आता बरंच स्पष्ट झालं. बँकेचं शुल्कपत्रक काढलं. दर वेळची फी आहेच, पण टक्का कुठेच लिहिलेला नाही, 'प्रचलित दरानुसार' एवढंच आहे. तो कसा काढायचा?

पैलतीर
सोपं आहे. पहिल्यांदा लहान रक्कम काढा. स्टेटमेंटवर आलेल्या मुख्य रकमेला, म्हणजे वेगळी लिहिलेली फी आणि कर सोडून, परकी रक्कम आणि मशीनची फी यांच्या बेरजेनं भागा. तो तुम्हाला प्रत्यक्ष लागलेला दर. मग त्याच तारखेचा व्हिसाचा किंवा मास्टरकार्डचा दर कॅल्क्युलेटरमधून घ्या, या वेळी बँकेच्या फीच्या रकान्यात शून्य टाकून. फरक किती टक्के येतो ते बघा.

समजा खातं डॉलरमध्ये आहे. १०० युरो काढले, मशीनची फी नव्हती, खात्यातून ११२.२७ डॉलर गेले. नेटवर्कचा दर १.०९ होता, म्हणजे १०९ जायला हवे होते. जास्तीचे ३.२७ म्हणजे बरोबर ३ टक्के, तोच तुमच्या बँकेचा टक्का. तारीख एक दिवस मागेपुढे करूनही बघा, दर कधीकधी आदल्या किंवा दुसऱ्या दिवसाचा लागलेला असतो. शनिवार-रविवारी चलनबाजार बंद असतो, तेव्हा शुक्रवारचाच दर पुढे चालतो. रिव्होल्यूटसारखे काही जण साध्या खात्यावर शनिवार-रविवारी चलन बदलायला जास्तीचा टक्का लावतात, ते वेगळं बघा.

हा आकडा हातात आला की बँकेला फोन न करता लेखी विचारा, 'अमुक तारखेच्या व्यवहाराला ३ टक्के मार्कअप लागला आहे, हा कोणत्या कलमाखाली?' अशा नेमक्या पत्राला 'नियमाप्रमाणे आहे' एवढंच उत्तर देऊन चालत नाही. ते पत्र माझ्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावर जातं आणि तिथे कलम शोधून लिहावंच लागतं.

सांजवात
पिनचं राहिलं. तुमचा पिन सहा आकडी असेल तर जायच्या आधी बँकेला विचारून चार आकडी करता येतो का बघा. काही देशांतली मशीन चारच आकडे घेतात. पिन अक्षरांवरून लक्षात ठेवत असाल तर आकड्यांत पाठ करा, बऱ्याच मशीनच्या बटणांवर अक्षरं नसतात. आणि मशीनने खात्याचा प्रकार विचारला, 'सेव्हिंग्ज' दाबून नकार आला, तर 'चेकिंग' किंवा 'करंट' दाबून बघा. कार्डाला मुख्य म्हणून जोडलेलं खातं कधी त्याखाली सापडतं. पिन तीनदा चुकवू नका मात्र, दोनदा नकार आला की थांबा. तिसऱ्यांदा चुकला तर कार्ड लॉक होतं आणि परदेशातून ते उघडून घेणं फार कटकटीचं असतं.

पैलतीर
सांजवातला दुजोरा. शिवाय परदेशी वापर कार्डावर चालू आहे का ते अ‍ॅपमध्ये तपासा, एटीएम आणि दुकान यांची बटणं काही बँकांत वेगळी असतात. बँकेकडे नोंदवलेला फोन नंबर तिकडे चालू राहील असंही बघा. संशयावरून कार्ड थांबवलं तर बँक त्याच नंबरवर विचारते. रानवारा, आईंच्या कार्डाचंही हे सगळं तुम्हीच करून ठेवा, आणि निघण्याआधी त्यांना जवळच्या मशीनवर एकदा स्वतःच्या हातानं पैसे काढायला लावा. पिन बदललेला असेल तर नवा पिन चालतोय की नाही हेही तेव्हाच कळेल.